सत्ता पालटली, महागाई पळाली!

अमेरिकेत 5 नोव्हेंबर 2024 रोजी अध्यक्षपदासाठी मतदान झाले आणि डोनाल्ड ट्रम्प यांचा शपथविधी 20 जानेवारीला. मधले अडीच महिने कारभार जो बायडेन यांच्याच हाती होता. बेरोजगारी चार टक्क्यांच्या आसपास होती, तिथेच राहिली; अंडी तर बर्ड फ्लूमुळे महागच होत होती. तरीही मिशिगन विद्यापीठाच्या ग्राहक सर्वेक्षणात रिपब्लिकन मतदारांना अचानक बरे दिवस दिसू लागले आणि डेमोक्रॅटांच्या पोटात गोळा आला.

पक्ष पाहून अर्थव्यवस्था जोखण्याचा हा आजार एकाच पक्षाचा नाही. रिपब्लिकन अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांच्या काळात महागाईचा दर साडेतेरा टक्क्यांवरून चारच्या घरात आला. पण 1988 च्या पाहणीत निम्म्याहून अधिक कट्टर डेमोक्रॅट महागाई वाढल्याचेच सांगत होते, हे लॅरी बार्टेल्स या अभ्यासकाने दाखवून दिले.

मग लोक भाबडे म्हणायचे का? तसेही नाही. बरोबर उत्तराला थोडे पैसे देऊ केले, की दोन्ही पक्षांच्या उत्तरांतले अंतर बरेच कमी होते, असे प्रयोगांत आढळले आहे. म्हणजे खरे काय ते अनेकांना ठाऊक असते; फुकटात विचारले, की ते पक्षाची बाजू सांगतात. 2016 मध्ये ट्रम्प निवडून आले तेव्हाही त्यांच्या समर्थकांचा उत्साह उतू चालला होता, पण त्यांनी खर्चाचा हात तेवढा सैल केल्याचे अभ्यासकांना आढळले नाही.

मात्र याचा आधार घेऊन प्रत्येक तक्रार ‘राजकीय’ ठरवणे हा सत्ताधाऱ्यांचा लबाडपणा झाला. जून 2022 मध्ये अमेरिकेत महागाई 9.1 टक्क्यांवर गेली होती. पुढे दर उतरला, भाव उतरले नाहीत. बायडेन यांचे समर्थक आकडे दाखवत राहिले आणि किराणा भरणारा मतदार बिल पाहत राहिला. त्याचे चुकले नव्हते.

आपल्याकडे 2014 पूर्वी गॅस सिलिंडर घेऊन रस्त्यावर बसणारे आज सत्तेत आहेत आणि तेव्हाचे सत्ताधारी पुढे सिलिंडर घेऊन रस्त्यावर आले. तेव्हा ‘जनता खूश आहे’ किंवा ‘जनता होरपळते आहे’ असा सर्व्हे कुणी नाचवला, तर कोणत्या पक्षाच्या किती लोकांना विचारले, हे आधी विचारा. आणि त्या घरांचा किराण्याचा खर्च किती वाढला, हेही.