सभागृहातला मापाडी



आडतीवर ज्वारी नेली की आपली नजर मापाड्याच्या हातावर असते. संसदेतही असा मापाडी असतो. लोकसभेत अध्यक्ष, राज्यसभेत सभापती. त्याच्याकडे मात्र आपण पाहत नाही.

पहिले लोकसभाध्यक्ष दादासाहेब मावळंकर (१९५२-५६) मराठीच. पुढे लातूरचे शिवराज पाटील (१९९१-९६), मग मनोहर जोशी (२००२-०४). राज्याच्या विधानसभेत आपल्या शेवगावचे बाळासाहेब भारदे १९६२ ते १९७२ अध्यक्ष होते. पण माणूस आपला असून भागत नाही, काटा सरळ हवा.

२० सप्टेंबर २०२० रोजी राज्यसभेत दोन कृषी विधेयके आवाजी मतदानाने मंजूर झाली. विरोधकांनी मते मोजा म्हटले; सदस्य जागेवर नाहीत, असे सांगून उपसभापतींनी ते नाकारले. २९ नोव्हेंबर २०२१ ला तिन्ही कायदे रद्द करणारे विधेयक मंजूर झाले, तेही लोकसभेत चर्चेविना. कायदे चांगले की वाईट, यावर आपल्यात दुमत असेल. पण माप न करताच पावती फाडलेली आम्हाला मान्य नाही.

मावळंकरांना हटवण्याचा ठराव १९५४ मध्ये आला. फेटाळला गेला, पण चर्चा झाली. मापाड्यालाही जाब विचारता येतो. खासदार गावात आले की विचारा : आमचे माप झाले तेव्हा तुम्ही काट्याजवळ उभे होता का?