विश्लेषण : हेलियमचा शोध खरेच विजयदुर्गावर लागला का? ‘साहेबाच्या ओट्यां’चा उत्सव कसा असावा?

गेल्या काही वर्षांपासून १८ ऑगस्टला सिंधुदुर्ग जिल्ह्यातील विजयदुर्ग किल्ल्यावर हेलियम दिन साजरा केला जातो. किल्ल्यावरील ‘साहेबाचे ओटे’ हे या कार्यक्रमाचे केंद्र. याच ओट्यांवर दुर्बीण ठेवून इंग्रज शास्त्रज्ञ नॉर्मन लॉकयर यांनी १८६८च्या खग्रास सूर्यग्रहणात हेलियम शोधला, असे पर्यटनविषयक लिखाणातून आणि भाषणांतून सांगितले जाते. किल्ला, आकाश, इतिहास आणि लोककला एकत्र आणण्याची अशी संधी कोकणात दुसरीकडे क्वचितच मिळेल. मात्र सांगितल्या जाणाऱ्या कथेत तीस वर्षांची गफलत आहे. ती दुरुस्त केली तर विजयदुर्गाचे महत्त्व कमी होईल की वाढेल?

१८ ऑगस्ट १८६८ रोजी नेमके काय घडले?

त्या दिवशीच्या खग्रास ग्रहणाचा पट्टा कोकण किनाऱ्यावरून दख्खन ओलांडून आंध्रच्या किनाऱ्यापर्यंत गेला. वर्णपटदर्शक हे उपकरण तेव्हा नवे होते. प्रकाशाचे रंग वेगळे करून, त्यातील रेषांवरून तो कोणत्या मूलद्रव्याचा आहे, हे त्यातून ओळखता येत असे. ग्रहणात सूर्याच्या कडेला दिसणाऱ्या लाल ज्वाला कशाच्या बनल्या आहेत, हे या उपकरणाने तपासण्याची ती पहिली मोठी संधी होती. फ्रेंच शास्त्रज्ञ ज्यूल जान्सेन आणि ब्रिटिश अधिकारी टेनंट यांनी गुंटूरला तळ ठोकला होता, नॉर्मन पॉगसन मछलीपट्टणमला होते. लेफ्टनंट जॉन हर्शेल पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात होते आणि त्यांना ढगांच्या फटींतून निरीक्षण करावे लागले. या ज्वाला तप्त वायूच्या, मुख्यतः हायड्रोजनच्या आहेत, हे त्या दिवशी स्पष्ट झाले. वर्णपटात एक पिवळी रेषाही दिसली, पण ती सोडियमची असावी असा समज झाला. म्हणजे रेषा दिसली, तरी हेलियम ओळखला गेला नाही.

लॉकयर तेव्हा कोठे होते?

इंग्लंडमध्ये. ग्रहण नसतानाही सौरज्वालांचा वर्णपट मिळवता येईल, अशी त्यांची कल्पना होती आणि त्यासाठी त्यांनी खास उपकरण मागवले होते. ते हाती आल्यावर २० ऑक्टोबर १८६८ रोजी त्यांनी इंग्लंडमधूनच हे निरीक्षण केले. जान्सेन यांनी गुंटूरला ग्रहणाच्या दुसऱ्याच दिवशी हीच किमया साधली होती. दोघांची पत्रे पॅरिसच्या विज्ञान अकादमीत एकाच दिवशी वाचली गेली आणि पुढे फ्रेंच सरकारने दोघांच्या प्रतिमा असलेले पदक काढले. पिवळी रेषा सोडियमच्या दोन्ही रेषांशी जुळत नाही, हे लॉकयर यांनी दाखवले. ती पृथ्वीवर न सापडलेल्या मूलद्रव्याची असावी, असा निष्कर्ष पुढच्या काही वर्षांत निघाला आणि सूर्याच्या ग्रीक नावावरून त्या द्रव्याला हेलियम म्हटले गेले. अनेकांना हे पटले नव्हते. अखेर १८९५ मध्ये विल्यम रॅम्झे यांनी लंडनच्या प्रयोगशाळेत युरेनियमयुक्त खनिजातून हेलियम वेगळा केला आणि वाद मिटला.

मग ‘साहेबाचे ओटे’ कशाचे?

लॉकयर विजयदुर्गाला आले, यात शंका नाही. ते आले २२ जानेवारी १८९८च्या खग्रास ग्रहणासाठी. या ग्रहणाचा पट्टा विजयदुर्गाजवळ किनाऱ्यावर येऊन महाराष्ट्र तिरका ओलांडत ईशान्येकडे गेला. लॉकयर यांच्या चमूने किल्ल्यात उपकरणे उभारली. ब्रिटिश नौदलाची ‘मेलपोमेनी’ ही युद्धनौका त्यांच्या मदतीला होती. या निरीक्षणांचा अहवाल लॉकयर, युद्धनौकेचे कप्तान आणि प्राध्यापक पेडलर यांच्या नावे रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्याच्या शीर्षकातच विजयदुर्गाचे नाव आहे. तेव्हा ओट्यांचा संबंध लॉकयर यांच्याशी जोडायचा, तर तो या मोहिमेशीच जोडावा लागतो. हेलियम पृथ्वीवर सापडून तोवर तीन वर्षे झाली होती.

याच ग्रहणासाठी पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयातील कावसजी नायगमवाला यांनी सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे निरीक्षणे घेतली. अमेरिकेच्या लिक वेधशाळेचा चमूही जेऊरलाच होता. वऱ्हाडातील तळणी येथे अ‍ॅनी माँडर यांनी छोट्या कॅमेऱ्याने सूर्याच्या प्रभामंडलाचा, म्हणजे करोनाचा, दूरवर पसरलेला झोत टिपला. त्या दिवशी जगातील सौरविज्ञानाचे लक्ष विजयदुर्ग, जेऊर आणि तळणी या मराठी मुलुखातील गावांकडे होते. हा वारसा विजयदुर्गाचा एकट्याचा नाही, साऱ्या महाराष्ट्राचा आहे आणि तो जवळजवळ विसरला गेला आहे.

या मोहिमेत कला कोठे आली?

विजयदुर्गाला खग्रास अवस्था जेमतेम दोन मिनिटांची होती. एवढ्या वेळात सर्व कामे मोजक्या शास्त्रज्ञांकडून होणे शक्य नव्हते. म्हणून लॉकयर यांनी युद्धनौकेवरील अधिकारी आणि खलाशांचे गट पाडले, त्यांच्याकडून आधी सराव करून घेतला आणि प्रत्येकाला एक काम नेमून दिले. कोणी सेकंद मोजायचे, कोणी कॅमेऱ्याच्या काचा बदलायच्या, तर एका गटाने प्रभामंडलाचे चित्र काढायचे. प्रभामंडलाचा आतला भाग अतिशय तेजस्वी आणि बाहेरचा अगदी मंद असतो. त्या काळच्या छायाचित्रात दोन्ही एकाच वेळी नीट उतरत नसत. डोळ्याला मात्र दोन्ही दिसत. अडचण एकच, प्रत्येकाचा हात वेगळा. म्हणून अनेकांकडून चित्रे काढून घ्यायची आणि सर्वांत समान काय ते पाहायचे, अशी पद्धत होती.

कला आणि विज्ञान यांची सांगड म्हणजे काय, हे यातून उमगते. चित्र येथे सजावटीला नव्हते, ते निरीक्षणाचे साधन होते. काढणारे कसलेले चित्रकार नव्हते, साधे खलाशी होते. योगायोग असा, की त्यांच्या नौकेचे ‘मेलपोमेनी’ हे नावही ग्रीक पुराणातील नाट्यदेवतेचे. विजयदुर्गावरील आजच्या कार्यक्रमांना नमुना हवा असेल, तर तो १८९८ मध्ये याच तटबंदीच्या आत घडून गेला आहे.

चूक दुरुस्त करणे इतके महत्त्वाचे का?

‘एवढ्या तपशिलाने काय बिघडते? लोक येतात, मुले विज्ञानाविषयी ऐकतात, हे काय कमी आहे?’ असा युक्तिवाद होऊ शकतो. त्यात तथ्य आहे. हेलियमच्या निमित्ताने गावागावांतील विद्यार्थी किल्ल्यावर येतात, हे मोलाचेच. पण विज्ञानाच्या नावाने भरणारा कार्यक्रम पुरावा न तपासता सांगितलेल्या गोष्टीवर उभा राहिला, तर मुले ‘मोठ्यांनी सांगितले म्हणून खरे’ हाच धडा घेऊन घरी जातात. वैज्ञानिक दृष्टिकोन जोपासणे हे राज्यघटनेच्या अनुच्छेद ५१ क मध्ये नागरिकांचे कर्तव्य म्हणून नोंदवले आहे. त्याची सुरुवात आपल्या अभिमानाच्या गोष्टी तपासण्यापासून व्हायला हवी.

दुसरे कारण व्यवहाराचे. जुलै २०२५ मध्ये ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ म्हणून बारा किल्ल्यांचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाला. त्यात विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे दोन्ही किल्ले आहेत. आता येथे देश-विदेशातील अभ्यासक येतील. लॉकयर १८६८ मध्ये कोठे होते, हे त्यांना काही मिनिटांत पडताळता येते. एक चुकीचा दावा त्यांच्या लक्षात आला, तर किल्ल्याविषयीच्या बाकीच्या खऱ्या गोष्टींवरही त्यांचा विश्वास बसणार नाही. शिवाय, जो शोध येथे लागला नाही त्याच्या गजरात, जे काम येथे प्रत्यक्ष झाले ते झाकले जाते.

सिंधुदुर्गातील लोककला यात काय करू शकतात?

बरेच काही, पण पाहुण्यांचे स्वागत आणि शेवटचा मनोरंजनाचा कार्यक्रम एवढ्यावर त्यांना अडवले नाही तरच. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाने चित्रकथीची परंपरा जपली आहे. पोथीतील एकेक चित्र समोर धरायचे आणि वाद्यांच्या साथीने कथा पुढे न्यायची, ही तिची रीत. कळसूत्री आणि चामड्याच्या बाहुल्यांचे खेळही तेथे होतात. या परंपरेतील परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. जमखंडीचे ढगाळ आकाश, गुंटूरचा तळ, इंग्लंडमधील दुर्बीण, रॅम्झेंची प्रयोगशाळा आणि विजयदुर्गाच्या ओट्यांवरचे खलाशी ही कथा मुळातच चित्रामागून चित्र अशी उलगडते. चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ तर सावल्यांचाच. ग्रहण म्हणजे सावली, हे सांगायला याहून नेमके माध्यम कोणते?

दशावतारातही समुद्रमंथन आणि राहूची कथा रंगवता येते. तिची टिंगल करण्याचे कारण नाही आणि तीच ग्रहणाचे कारण आहे असे सांगण्याचेही नाही. चंद्राची कक्षा सूर्याच्या भासमान मार्गाला ज्या दोन बिंदूंत छेदते, त्यांना भारतीय ज्योतिर्गणितात राहू आणि केतू म्हटले गेले. अमावास्या किंवा पौर्णिमा या बिंदूंजवळ आली की ग्रहण होते. ग्रहणे सावल्यांमुळे होतात, हे इ.स. ४९९च्या सुमारास आर्यभटाने लिहून ठेवले आहे. आधी रंगमंचावर राहू आणि लगेच नंतर दिवा, चेंडू आणि सावली, असा प्रयोग गावकऱ्यांच्या लक्षात राहील. मात्र संहिता ठरताना कलाकार आणि खगोल अभ्यासक एकत्र बसले पाहिजेत. कलाकारांना सरावाचे दिवस धरून मानधनही मिळाले पाहिजे.

कार्यक्रम कधी आणि कसा व्हावा?

१८ ऑगस्ट हा कोकणात भर पावसाचा दिवस. त्या दिवशी आकाश दिसण्याची शक्यता कमीच. तो दिवस शाळांमध्ये वर्णपट आणि हेलियम समजावण्यासाठी ठेवावा. किल्ल्यावरचा मुख्य कार्यक्रम मात्र २२ जानेवारीला व्हावा. तीच विजयदुर्गाची खरी तारीख आहे. तेव्हा आकाश बहुधा निरभ्र असते, जत्रांमुळे दशावताराचा हंगामही सुरू असतो. संध्याकाळनंतर कृत्तिका, रोहिणी, मृग आणि व्याध डोक्यावर येतात. ज्या मृगाच्या नावाने कोकणात पावसाची वाट पाहिली जाते, ते नक्षत्र पावसाळ्याच्या तोंडाशी दिसत नाही, कारण तेव्हा सूर्यच त्याच्याजवळ असतो. एवढी एक गोष्ट मुलांना प्रत्यक्ष दाखवता आली, तरी कार्यक्रम सार्थकी लागेल.

१८९८च्या खलाशांप्रमाणे शंभर मुलांना दोन मिनिटांत दुर्बिणीतून किंवा नुसत्या डोळ्यांनी दिसणाऱ्या आकाशाचे चित्र काढायला सांगावे आणि सर्व चित्रे शेजारी-शेजारी लावावीत. निरीक्षण म्हणजे काय आणि एकाच साक्षीवर का विसंबू नये, हे त्यातून भाषणाविना कळेल. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात विजयदुर्गावर मध्यान्हीचा सूर्य नेमका डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. त्या ‘शून्य सावली’च्या दिवसाला एक काठी आणि खडू पुरतो. २१ मे २०३१चे कंकणाकृती ग्रहण केरळ आणि तमिळनाडूतून जाणार आहे, कोकणात ते खंडग्रास दिसेल. सुरक्षित चष्म्यांची आणि लोकशिक्षणाची तयारी तोवर होऊ शकते.

यासाठी खर्चिक प्रकाशझोत लागत नाहीत. उलट ते टाळलेच पाहिजेत, कारण काळोखे आकाश हेच या किल्ल्याचे भांडवल आहे. पुरातत्त्व खाते, जिल्हा प्रशासन, ग्रामपंचायत आणि शाळा यांनी मिळून पहिले काम करावे ते ओट्यांजवळ अचूक माहितीचा फलक लावण्याचे. हेलियम येथे सापडला नाही, पण हेलियमच्या शोधात मोठा वाटा असलेला शास्त्रज्ञ येथे आला आणि साध्या खलाशांच्या हाती पेन्सिल देऊन त्याने सूर्याचा अभ्यास केला, एवढे त्यावर असावे. विजयदुर्गाला मिरवण्यासाठी तेवढे पुरेसे आहे.