बोटीआधीची रात्र

आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटपर्यंत वाचून कोणी चिडायला नको. तळोद्याहून मुंबईला क्रूझ पकडायला जाणाऱ्या कुटुंबाने बोटीच्या आदल्या रात्री बंदराजवळ, स्वतःच्या पैशाच्या खोलीत झोपले पाहिजे. नातेवाईकांकडे नाही, आमदार निवासात नाही, आणि एसटीच्या सीटवर तर नाहीच नाही.

हे लिहायची वेळ आली, कारण आमच्या घरातली आठ माणसे (त्यात दोन सत्तरीच्या पुढची आणि दोन दहाच्या आतली) यंदा मुंबई-गोवा बोटीला जायचे म्हणताहेत. बोटीवरच्या प्रत्येक गोष्टीवर चर्चा झाली. केबिन कुठली, जेवणात काय, आजीने तिथे नऊवारीच नेसायची का... मुंबईत राहायचे कुठे यावर मात्र कोणी दोन मिनिटेसुद्धा खर्च केली नाहीत. "त्यात काय? डोंबिवलीला आपले घर आहे की!" झाले, ठराव मंजूर. रात्रीची बस, सकाळी डोंबिवली, आंघोळी, नाश्ता, दुपारी टॅक्सी, बोट. परत आल्यावर त्याच रात्रीची बस. लॉजला एक रुपया नाही. वडीलधारे या योजनेवर बेहद्द खूश आहेत. मी एकटा विरोधी पक्षात आहे, आणि घरात बोलू देत नाहीत म्हणून इथे बोलतोय.

पहिला मुद्दा साधा आहे. तळोदा ते मुंबई रस्त्याने साडेचारशे किलोमीटरच्या आसपास. शहादा, दोंडाईचा, धुळे, नाशिक आणि मग कसारा घाट. त्या घाटात एक टँकर आडवा झाला की काय होते ते आपल्याकडच्या प्रत्येकाला माहीत आहे. कोणी म्हणेल, आता समृद्धी झाला. झाला ना, इगतपुरी ते आमणे हा शेवटचा तुकडा 2025 च्या जूनमध्ये खुला झाला. पण आमणे म्हणजे भिवंडीजवळ. महामार्ग तिथे संपतो आणि मुंबईची गर्दी तिथे सुरू होते. एसटी उशिरा पोचली तर लग्नात मंगलाष्टके चुकतात, जेवण तरी मिळते. बोटीला तसे नसते. चेक-इनचे दार बोट सुटण्याच्या बरेच आधी बंद होते, आणि एकदा दोर सुटला की नवऱ्या मुलाचा मामा आला तरी थांबत नाही. तिकिटावर छापलेली वेळ आणि आपण दारात असायची वेळ यात काही तासांचा फरक असतो, हे आम्हाला तिकीट विकणाऱ्या एजंटाने विचारल्याशिवाय सांगितलेसुद्धा नाही.

दुसरा मुद्दा डोंबिवलीचा. आपण तळोद्याला बसून 'मुंबईचे घर' म्हणतो तेव्हा ते घर खरे तर डोंबिवलीत, बदलापुरात, विरारात नाहीतर कामोठ्यात असते. बोट सुटते बॅलार्ड पिअरहून, म्हणजे मुंबईच्या पार दक्षिण टोकाजवळून. डोंबिवली ते सीएसएमटी पन्नास किलोमीटरच्या घरात, चर्चगेट ते विरार साठ. म्हणजे तळोद्याहून नंदुरबारपेक्षा बरेच जास्त. आठ माणसे, अकरा बॅगा, एक काठी आणि सकाळची फास्ट लोकल... डोळ्यांसमोर आणून बघा. रविवार असेल तर मेगाब्लॉक. टॅक्सी म्हणाल तर दोन लागतील, आणि त्या भाड्यात काय काय झाले असते ते पुढे सांगतो.

पण माझा खरा राग तिसऱ्या मुद्द्यावर आहे. हा मुद्दा आपल्या लोकांना बोलायला आवडत नाही. त्या डोंबिवलीच्या घरात एक स्वयंपाकघर, एक हॉल, एक बेडरूम आणि एक बाथरूम आहे. तिथे राहणारी आमची वहिनी सकाळच्या लोकलने नोकरीला जाते. आठ पाहुणे पहाटे साडेपाचला दारात उभे राहणार, तेव्हा त्या दिवशी तिची रजा पडणार हे कोणाच्या हिशेबात आहे? पाणी कधी येते, कधी जाते, हे कोणी विचारले? आठ आंघोळी, सोळा पोळ्या, दोन डबे. आपण म्हणतो 'लॉजचे पैसे वाचले'. ते पैसे वाचलेले नसतात. ते तिने भरलेले असतात, फक्त पावती मिळत नाही. आणि ती काही बोलणार नाही, कारण बोलली तर खान्देशभर होईल की सुनेला पाहुणे जड झाले. दादा, तुम्ही हे वाचत असाल तर रागावू नका. तुम्ही "या" म्हणालात ते मनापासूनच म्हणालात. पण "या" तुम्ही म्हणालात, आणि उठायचे तिला आहे.

आजारपणात, मुलाखतीच्या वेळी, पोरांच्या परीक्षेला नातेवाईकांकडे जरूर उतरावे. त्यासाठीच माणसे असतात. आपल्या भागातला माणूस आजवर मुंबईला गेला तो बहुतेक तीनच कारणांनी. दवाखाना, मंत्रालय आणि हायकोर्ट. तेव्हा कोणाच्या तरी हॉलमध्ये चटई टाकली, कोणी आमदार निवासात पत्र घेऊन गेला, कोणी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहिला. त्या सवयीनेच आपण आता सहलीचेही बेत आखतोय. (आमच्या एका काकांनी तर आमदार साहेबांच्या पीएला फोन लावायचीही तयारी दाखवली. क्रूझला जाणाऱ्याने पेशंटच्या नातेवाईकाची खाट अडवायची? मी सरळ नाही म्हणालो.) पहिल्यांदाच आपण मुंबईला मजा करायला निघालो आहोत, तर निदान मजेचे भाडे तरी आपण भरू या.

बोटीआधी मोठ्या शहरात राहायचे कुठे, हा प्रश्न काही आज उगवलेला नाही. मुंबईत धोबीतलावला जेर महाल नावाची जुनी इमारत आहे. तिथे आणि आसपास गोवेकरांच्या 'कूड' असतात. कूड म्हणजे गावाची खोली. गोव्यातल्या एकेका गावाने मुंबईत आपली कूड काढली, एके काळी अशा शेकडो होत्या. बोटीवर नोकरी करणारा खलाशी बोट मिळेपर्यंत तिथे थांबायचा आणि सफर संपवून आला की पुन्हा तिथेच उतरायचा. भाडे नाममात्र, प्रत्येकाची एक पेटी, एक देव्हारा आणि संध्याकाळी सगळ्यांनी मिळून प्रार्थना. कोकणातल्या चाकरमान्यांच्याही लालबाग-गिरगावात गाववाल्यांच्या सामाईक खोल्या होत्या. या लोकांना जे कळले ते आपल्याला अजून कळत नाही. दूरच्या माणसाला बंदराजवळ स्वतःची जागा लागते, आणि ती कोणाच्या संसारात घुसून मिळवायची नसते.

साहेबाची तर वेगळीच तऱ्हा. विलायतेहून टपालाची बोट बॅलार्ड पिअरला लागली की धक्क्यावरच बॅलार्ड पिअर मोल नावाचे रेल्वे स्टेशन होते. फ्रंटिअर मेल 1928 साली सुरू झाली, आणि टपालबोटीच्या हंगामात ती तिथूनच पेशावरला सुटायची. बोटीतून उतरा, गाडीत बसा. मुंबईत रात्र काढायची गरजच नाही. ते स्टेशन 1944 मध्ये बंद झाले. आता 20 सप्टेंबर 2025 ला त्याच भागात नवीन क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन झाले. वर्षाला 10 लाख प्रवाशांची सोय, 72 काउंटर, दुकाने, मोटारींना जागा. चांगली गोष्ट आहे. पण सगळे बघितल्यावर वाटते की हे विमानाने येणाऱ्या आणि ड्रायव्हर बाहेर उभा असणाऱ्या माणसाला डोळ्यांपुढे ठेवून बांधले आहे. रेल्वे स्टेशनवर जशी रिटायरिंग रूम असते, डॉर्मिटरी असते, तशी तळोदा-धडगावच्या म्हातारीला आदल्या रात्री पाठ टेकायला स्वस्त खोली बंदरावर का नको? पर्यटन मंत्री नंदुरबार जिल्ह्याचे झाले तर हा प्रश्न विचारीन. :)

आता पैशाचे. "तू श्रीमंत झालास का रे?" हे मला आत्तापर्यंत चार जणांनी विचारले आहे. मंडळी, हिशेब असा करा. समुद्र दिसणारी केबिन आणि बिनखिडकीची केबिन यांच्या भाड्यात चांगलाच फरक असतो. आपण केबिनमध्ये असणार फक्त झोपायला, आणि रात्री खिडकीतून दिसतो काळोख. समुद्र डेकवर फुकट आहे. तेव्हा बिनखिडकीची केबिन घ्या, डोंबिवली-बॅलार्ड पिअरच्या दोन टॅक्सींचे भाडे त्यात मिळवा, आणि त्या पैशात फोर्ट किंवा सीएसएमटीच्या बाजूला साध्या लॉजच्या खोल्या घ्या. लिफ्ट आहे का, संडास कमोडचा आहे का, एवढे फोनवर विचारून घ्या. मुंबई सेंट्रलला 2021 च्या नोव्हेंबरपासून रेल्वेचे पॉड हॉटेल आहे. पोरांना तो मधमाशीच्या पोळ्यासारखा प्रकार फार आवडेल, पण वरच्या कप्प्यात आजीला चढवणार कोण?

आणि जायचे रेल्वेनेच. हातोडा पुलावरून नंदुरबार, तिथून पश्चिम रेल्वे. घाट नाही, टँकर नाही. बोट शनिवारी असेल तर शुक्रवारी सकाळी मुंबईत. सगळा दिवस हातात. कोणी लगेच म्हणेल, मग मुंबई दर्शनची बस करू. कृपा करून नको. आठ तास बसमध्ये बसून हँगिंग गार्डन, कोणाचा तरी बंगला, असे करत म्हातारी माणसे बोटीवर चढायच्या आधीच मोडतात. त्यापेक्षा एकच काम करायचे. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो बोट 2020 च्या मार्चपासून सुरू आहे. तासाभराचा प्रवास. तिने जायचे, चहा प्यायचा आणि परत यायचे. कोणाला बोट लागते ते त्यात कळते! आमच्यातल्या बहुतेकांनी समुद्र पाहिलेला नाही. बोट म्हणजे आम्हाला ठाऊक आहे ती नर्मदेच्या फुगवट्यावरची, मणिबेलीकडे जाणारी, नाहीतर तिथला तरंगता दवाखाना. भर समुद्रात, तीन दिवसांचे पैसे भरल्यावर, आत्याला उलट्या सुरू होण्यापेक्षा आदल्या दिवशी थोडक्या पैशांत कळलेले बरे. लागलीच तर फोर्टात औषधाची दुकाने आहेत, डॉक्टर आहेत. संध्याकाळी सीएसएमटीची रोषणाई बघायची, जेवायचे, नऊला झोपायचे. सगळ्यांची ओळखपत्रे एका पिशवीत, पोरांची आधार कार्डेसुद्धा, आणि तिकिटावरचे नाव कार्डावरच्या नावाशी अक्षरन् अक्षर जुळते का ते इथे तळोद्यातच बघून ठेवायचे. आपल्याकडे एकाच माणसाची तीन नावे असतात.

परतीचा बेत त्याहून चुकीचा आहे. तीन दिवस हलत्या लाकडावर राहिल्यावर जमिनीवरही डोलल्यासारखे वाटत राहते, काहींना दिवसभर. त्याच रात्री सत्तरीच्या माणसाला कसारा घाटातून बसने न्यायचे? मी म्हणतो, नातेवाईकांकडे जायची वेळ ही आहे. बोटीच्या आधी नव्हे, नंतर. आणि तेही डोंबिवलीला नव्हे, सुरतला!

आपली निम्मी माणसे तर उधना-लिंबायतलाच आहेत. तळोदेकराचे मोठे शहर कायम सुरतच होते, कापड, दवाखाना, नोकरी, सगळे तिथेच. मुंबई सेंट्रल ते सुरत 263 किलोमीटर, आणि आपली नंदुरबारची गाडी नाहीतरी उधन्यावरूनच वळते. सकाळी बोटीतून उतरायचे, दुपारची गाडी, संध्याकाळी उधना. तेव्हा घड्याळाकडे बघायचे कारण नसते. उशीर झाला तर दाराशी कोणी थांबवत नाही. सामान मळलेले, खिसे रिकामे आणि सांगायला भरपूर. आत्याला बोट लागली की नाही, आजी बुफेत काय म्हणाली, हे सगळे ऐकायला माणसे लागतात आणि ती उधन्याला आहेत. तिथेही आठ जणांनी एकाच घरी पडायचे नाही. चार मामांकडे, चार काकूंकडे. शेवभाजी बाहेरून आणू, भाकरी तेवढ्या घरी. भांडी आम्ही पुरुषमंडळी घासू, हे लेखी देतोय.

डोंबिवलीच्या दादा-वहिनींसाठी वेगळा बेत आहे. शुक्रवारी संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर वहिनींनी थेट सीएसएमटीला यावे, दादांनीही. जेवण आमच्याकडून, फोर्टातल्या एखाद्या उडप्याकडे. त्यांना नऊची लोकल मिळेल. वहिनींचा निरोप आला आहे की त्यांना चालेल. दादा अजून घुश्शात आहेत. नंदुरबारची रिझर्वेशने मात्र रविवारपर्यंत काढायलाच हवीत, तेव्हा ज्यांना विरोध करायचा आहे त्यांनी शनिवारच्या आत करावा.