जागरणाचे पोवाडे आता पुरेत

आपल्या भाषेने झोपेची फार बदनामी केली आहे. झोपाळू म्हणजे आळशी, झोपलेला समाज म्हणजे मेलेला समाज आणि जरा जास्त झोपला की तो कुंभकर्ण. जो जागतो तो मात्र कर्तबगार! मीही याच पंथातला. वर्षानुवर्षे दहावीच्या निरोप समारंभात रात्र रात्र जागणाऱ्यांचे पोवाडे मी गायले. ते शब्द मागे घेण्यासाठी हा लेख.

निमित्त पालकसभेचे. सकाळी दहाची वेळ. मी शिस्तीवर बोलत होतो आणि पहिल्याच रांगेत एका पालकाची मान छातीवर कलली होती. मी म्हणालो, "पालकच झोपले, तर पाल्यांना कोण उठवणार?" सभा खो खो हसली. ते गृहस्थ दचकून उभे राहिले. "माफ करा सर. उद्यमबागेत फौंड्रीत कामाला हाय. रातपाळी करून सरळ हिकडंच आलोय. घरात जाऊन पडलो असतो तर मीटिंग चुकली असती बघा." सभा गप्प झाली. मान खाली घालायची पाळी माझी होती. सभेची वेळ मीच ठरवली होती.

आता रोकडा हिशेब पाहू. प्रौढ माणसाला रात्री किमान ७ तास झोप हवी, असे अमेरिकेतील निद्रावैद्यकाच्या दोन प्रमुख संस्थांनी २०१५ साली एकमताने सांगितले. नित्य त्याहून कमी झोपणाऱ्यांत रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार, पक्षाघात आणि नैराश्य अधिक आढळते. १९९७ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी दाखवले, की सलग १७ तास जागलेल्या माणसाच्या हात-डोळ्यांचा मेळ १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम मद्यार्क असलेल्या माणसाइतका बिघडतो. आपल्या मोटार वाहन कायद्याची मर्यादा ३० मिलिग्रॅमची आहे! म्हणजे दारू पिऊन गाडी चालवणारा गुन्हेगार. आणि पहाटे पाचला उठून रात्री अकराला हमरस्त्यावर ट्रक हाकणारा कष्टाळू. समोरून येणाऱ्याच्या लेखी दोघांत फरक तो काय?

म्हणून झोप ही ज्याची त्याची खासगी बाब नव्हे. 'वेळेचे नियोजन करा' हा उपदेश सोपा आहे. नियोजन कशाचे करायचे? कर्नाटक विधिमंडळाने २०२३ साली कारखान्यातला दिवस १२ तासांपर्यंत नेण्याची मुभा दिली. आठवड्याची ४८ तासांची मर्यादा राखली, हे खरे. पण त्या दिवशी १२ तास काम, जाण्यायेण्याचे दोन. उरलेल्या दहात जेवण, आंघोळ, बाजारहाट, मुलांचा अभ्यास आणि झोप बसवून दाखवा! घरातल्या बाईचा हिशेब तर याहून तोट्याचा. सर्वांच्या आधी उठायचे आणि सर्वांच्या नंतर पाठ टेकायची, यालाच आपण संस्कार म्हणत आलो. त्याच वर्षी एका नामांकित उद्योगपतीने तरुणांना आठवड्याला ७० तास राबण्याचा सल्ला दिला, आणि आपल्यातल्या अनेकांनी माना डोलावल्या.

"आमचे वाडवडील काय झोपा काढत होते?" असे कोणी विचारील. राबत होते, पण जेवणे आटोपली की घरातला दिवा मालवत होता. परंपरेचाच दाखला हवा, तर चरकाने आहाराच्या जोडीने निद्रेला शरीराचा आधारस्तंभ मानले आहे. गीतेच्या सहाव्या अध्यायात अतिझोप आणि अतिजागरण दोन्ही सारखीच वर्ज्य आहेत. आपण त्यातले पहिले तेवढे पाठ केले.

कायद्याचीही वाण नाही. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने झोपेला जगण्याच्या हक्काचा भाग मानले. २००० सालचे ध्वनिप्रदूषण नियम रात्री दहानंतर उघड्यावरचे भोंगे बंद करायला सांगतात. सवलतीचे मोजके दिवस सोडले तर उरलेल्या रात्री तरी ते पाळा. युरोपीय संघाने २००३ च्या निर्देशाने कामगाराला रोज सलग ११ तास विश्रांती दिली. ती आमच्या फौंड्रीला, बस आगाराला, दवाखान्यातल्या नर्सबाईंना का नको? मागा ना ती! झोपेसाठी मोर्चा काढायला लाज कसली?

आमची पालकसभा आता रविवारी दुपारी चारला भरते. गोष्ट लहान आहे, पण माझ्या हाती तेवढीच होती. वाचकहो, तुमच्या हाती काय आहे ते तुम्ही पाहा. निदान या दिवाळीत अभ्यंगस्नानासाठी कुणाला पहाटे हलवून उठवण्यापूर्वी, तो रात्री किती वाजता निजला, एवढे विचारा.