आयपी म्हणजे आधार कार्ड नव्हे!

ऑनलाइन फॉर्मखाली लाल अक्षरांत लिहिलेलं असतं, "तुमचा आयपी अ‍ॅड्रेस नोंदवला आहे." वाचून साधा माणूस दचकतो. म्हणून थोडं स्पष्ट बोलू.

ब्राउझरमधल्या जावास्क्रिप्टला तुमचा इंटरनेटवरचा आयपी थेट कळत नाही. तशी सोयच त्यात नाही. मग बरेच डेव्हलपर काय करतात? पान उघडलं की जावास्क्रिप्ट गुपचूप तिसऱ्याच सर्व्हरला विचारते, "हा माणूस कुठून आलाय?" तो सर्व्हर लगेच सांगतो, कारण विनंती तुमच्याच आयपीवरून गेलेली असते. म्हणजे साइट उघडली एकाची आणि नोंद झाली भलत्याच्याच वहीत. तुम्हाला विचारलं का कुणी?

जर्मनीत हा प्रश्न कोर्टात गेला. गूगलच्या सर्व्हरवरून फॉन्ट घेताना वाचकाचा आयपी संमतीविना गूगलकडे गेला, म्हणून म्युनिकच्या न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये साइटचालकाला १०० युरो भरपाई द्यायला लावली. रक्कम किरकोळ, पण मुद्दा लाखमोलाचा!

बरं, एवढं करून हाती काय लागतं? आपल्याकडे मोबाइल कंपन्या एकच आयपी एकाच वेळी अनेक ग्राहकांना वाटून देतात. त्यावरून जागा शोधली तर गडचिरोलीचा माणूस मुंबईत दिसू शकतो. नेमका ग्राहक शोधायचा तर अचूक वेळ आणि पोर्ट नंबरही लागतो.

ही नुसती तांत्रिक बाब नाही. २००७ साली ऑर्कुटवरच्या आक्षेपार्ह मजकुरावरून पुणे पोलिसांनी बंगळुरूच्या एका इंजिनिअरला अटक केली. इंटरनेट कंपनीने आयपीवरून दिलेली माहितीच चुकीची निघाली. माणूस निर्दोष, तरी येरवड्यात ५० दिवस! त्या दिवसांचा हिशेब कोण देणार?

म्हणून मागणी साधी आहे. आयपी हवाच असेल तर तो आपल्याच सर्व्हरवर बघा, तिथे तो प्रत्येक विनंतीबरोबर आपसूक येतो. तिसऱ्याला पाठवायचा असेल तर आधी विचारा. आणि तपासात आयपी हा धागा समजा, पुरावा नव्हे. एका चाळीच्या दरवाजाचा नंबर सापडला म्हणून आतल्या कुणालाही चोर ठरवायचं का?

पटलं तर पुढे पाठवा. नाही पटलं तर खाली लिहा, वाद घालू.