साचे थांबले की शाळाही सुटते

मालेगावात मंदी आली आहे, हे आम्हाला बाजारभाव वाचून कळत नाही. वर्गातल्या हजेरीवरून कळते. सुताचा भाव वाढला आणि ग्रे कापडाला उठाव नसला की साचे दोन पाळ्यांऐवजी एका पाळीवर येतात. मग आठवी-नववीची मुले हळूहळू दिसेनाशी होतात. कोणी कांडी भरायला जातो, कोणी गॅरेजवर, कोणी हॉटेलात.

1857 नंतर उत्तरेतून आलेल्या विणकरांनी हे शहर उभे केले. आज मात्र बहुतेक छोटे कारखानदार स्वतःच्या मालाचे धनी राहिलेले नाहीत. सूत व्यापाऱ्याचे, कापड व्यापाऱ्याचे, कारखानदाराला मिळते फक्त मीटरमागे मजुरी. त्यातूनच वीजबिल, जागेचे भाडे, कामगाराचा पगार. कामगार बारा-बारा तास उभा राहतो, पैसे मीटरवरच मिळतात. साचा बंद तर कमाई बंद. भविष्य निर्वाह निधी वगैरे शब्द बहुतेकांनी फक्त ऐकलेले. सरकार वीजदरात सवलत देते, ती हवीच. पण ती कारखानदाराच्या बिलात उतरते. कामगाराच्या घरी काय पोहोचते, हे कोणी विचारत नाही.

सच्चर समितीने 2006 मध्येच सांगितले होते की 6 ते 14 वयोगटातली 25 टक्के मुस्लिम मुले एकतर शाळेत गेलीच नाहीत किंवा मध्येच बाहेर पडली. महाराष्ट्रात महमूद-उर-रहमान समितीचा अहवाल 2013 मध्ये आला. 2014 चा पाच टक्के आरक्षणाचा अध्यादेश कायदा न होताच संपला. उच्च न्यायालयाने शिक्षणातले आरक्षण अंतरिम आदेशात थांबवले नव्हते, हे आपले लोकही विसरले.

नंतर 2022 मध्ये केंद्राने पहिली ते आठवीची अल्पसंख्याक शिष्यवृत्ती बंद केली. कारण दिले, शिक्षण हक्क कायद्याने शिक्षण मोफतच आहे. फी मोफत आहे हो, पण चप्पल, वह्या, रिक्षा? पाचवीपर्यंत वर्षाला हजारच रुपये मिळायचे. पण त्या हजारासाठी आई बँकेत खाते उघडायची, दाखले गोळा करायची, मुलाचे नाव पटावरून कमी होऊ नये म्हणून शाळेत चकरा मारायची. रक्कम लहान होती, धाक मोठा होता. त्याच वर्षी मौलाना आझाद फेलोशिपही बंद झाली, म्हणजे वरचे टोकही कापले.

सरकारला दोष देऊन आपण मोकळे होऊ शकत नाही. लग्नात पाच पदार्थांचा दस्तरखान मांडणाऱ्या मोहल्ल्यात नववीच्या मुलाला वह्या मिळत नसतील, तर तो हिशेब आपलाच आहे. मुली पुढे जात आहेत, अल्हमदुलिल्लाह. मुलगे मात्र मागे पडत आहेत, आणि उद्या या शिकलेल्या मुलींसाठी रिश्ते शोधताना हेच आईबाप डोके धरून बसतील.

आमची सूचना साधी आहे. रमजानची जकात गोळा होते तेव्हा प्रत्येक मशिदीच्या कमिटीने आपल्या मोहल्ल्यातल्या आठवी पास मुलांची यादी शाळेकडून मागून घ्यावी. त्यातले जून महिन्यात नववीत किती बसले, एवढेच बघावे. जे बसले नाहीत, त्यांच्या घरी दोन माणसे जावीत. नववी-दहावीची शिष्यवृत्ती मिळत असेल, तर तिचा फॉर्म भरायला त्याच घरी मदत होऊ शकते.