वसईचा तह आणि एल्फिन्स्टनचा धडा

वसई-विरारहून मुंबईला जाणाऱ्या चाकरमान्यांच्या तोंडी ‘एल्फिन्स्टन रोड’ हे नाव कित्येक पिढ्या होते. जुलै २०१८ मध्ये ते स्थानक ‘प्रभादेवी’ झाले, हे उचितच झाले. परंतु पाटी बदलली म्हणजे इतिहास उमगला, असे नव्हे. मुळात ते नाव १८५३ ते १८६० या काळात मुंबईचा गव्हर्नर असलेल्या तेराव्या लॉर्ड एल्फिन्स्टनचे. मराठी राज्याच्या अस्ताशी ज्याचा थेट संबंध आहे, तो माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन हा त्याचा चुलता. वसईकरांनी अभ्यासावा, तो हा चुलता.

स्कॉटलंडमधील उमराव घराण्यात १७७९ साली त्याचा जन्म झाला. धाकट्या मुलाच्या वाट्याला पदवी येणार नव्हती. सोळाव्या वर्षीच तो कंपनीच्या चाकरीत कलकत्त्यास आला. इकडे ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने वसईत इंग्रजांशी तह करून तैनाती फौज पत्करली. चिमाजी आप्पांच्या सैन्याने १७३९ मध्ये रक्त सांडून जी भूमी मुक्त केली, तिथेच स्वातंत्र्य गहाण पडले! पुढल्याच वर्षी असईच्या रणांगणावर एल्फिन्स्टन वेलस्लीच्या सोबत होता. १८११ मध्ये तो पुण्यात रेसिडेंट झाला.

तहाचा फास आवळण्याचे काम त्याने संयमाने केले. १८१५ मध्ये पंढरपुरात गंगाधरशास्त्री पटवर्धनांचा खून झाला. त्याचे निमित्त साधून त्याने त्रिंबकजी डेंगळ्यांना मागून घेतले आणि जून १८१७ मध्ये पेशव्यांवर पुण्याचा तह लादला. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई झाली. पेशव्यांच्या सैन्याने रेसिडेन्सी जाळली. पण अवघ्या काही महिन्यांत पेशवाईच संपली.

खरा धडा यापुढे आहे. जिंकलेल्या मुलखात त्याने सातारच्या छत्रपतींना गादीवर बसवले, इनामे, वतने आणि देवस्थानांची उत्पन्ने राखली. त्याच वेळी कटवाल्यांना तोफेच्या तोंडी देताना तो कचरला नाही. गावगाडा, पंचायत, महसूल यांची बारकाईने माहिती जमवून १८१९ मध्ये त्याने अहवाल लिहिला. १८१९ ते १८२७ या गव्हर्नरपदाच्या काळात दक्षिणेच्या निधीतून पुण्यात संस्कृत पाठशाळा उभी राहिली आणि १८२७ चा कायदेसंग्रह तयार झाला. पुढे त्याने गव्हर्नर जनरलपद दोनदा नाकारले आणि १८४१ मध्ये हिंदुस्थानचा इतिहास प्रसिद्ध केला.

काहींना हा सारा उदारपणा वाटतो, काहींना निव्वळ कपट. दोन्ही मते अभ्यासाचा आळस झाकणारी आहेत. त्याची विद्वत्ता खरी होती आणि ती साम्राज्याच्या सेवेत होती, हेही खरे. आमची पंचायत, आमची वतने, आमचे आपसातील हेवेदावे तो जाणत होता. त्याच्या देशाचा कारभार, आरमार आणि व्यापार जाणणारा पुण्याच्या दरबारात कोण होता? तोफांच्या आधी माहितीने राज्य घेतले, आणि फंदफितुरीने त्याची वाट सोपी केली.

वसईचा विजयदिन आपण अभिमानाने साजरा करतो, तो करावाच. पण ३१ डिसेंबरलाही मुलांना किल्ल्यात न्यावे, त्या तहाची कलमे समजावून सांगावीत. विजयाच्या स्मरणाने छाती फुगते. पराभवाच्या अभ्यासाने डोळे उघडतात. जागृत समाजाला दोन्हींची गरज असते.